तुकोबांचा भरंवसा

घरांत दुखणें आलें, मिळकतीचा आधार डळमळला किंवा लढाईच्या वार्तांनीं मन काळवंडलें, म्हणजे तुकोबांचा एक अभंग हमखास आठवतो. दगडाच्या पोटांत बसलेल्या बेडकाला चारा कोण घालतो, असें त्यांत विचारलें आहे. पांखरें व अजगर कसलाही सांठा करीत नाहींत, तरी त्यांचा प्रतिपाळ होतो. मग ज्यानें आपला भार देवावर टाकला त्याची उपेक्षा कशी होईल, असा त्याचा रोख आहे. कीर्तनांत हा अभंग लागला कीं श्रोत्यांच्या माना डोलतात. आमचीही आजवर डोलत आली. पण तो रचणाऱ्या माणसाची एक बायको भुकेनें मेली होती, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत असतें?

ही चरित्रकारांची भर नव्हे. देहूच्या या वाण्यानें आपल्या आत्मवृत्तपर अभंगांत ती गोष्ट स्वतःच सांगितली आहे. १६३० ते १६३२ च्या दुष्काळांत द्रव्य आटलें, मान गेला, धंदा बुडाला, तोंड दाखविण्याची लाज वाटूं लागली. आणि त्याच हिशेबांत एका ओळीपुरतें बायकोचें मरण आहे. बेडकाला चारा मिळाला, तिला मिळाला नाहीं. मग हा भरंवसा कवीनें आणला कोठून?

याचें एक सोपें उत्तर असें दिलें जातें कीं, आधीं संशय होता, मागाहून श्रद्धा आली. पण हा जिना आपण बांधलेला आहे. शंकर पांडुरंग पंडितांनीं १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत छापून काढलेली गाथा घ्या. साडेचार हजारांवर अभंगांत कोणता आधींचा व कोणता नंतरचा, हें सांगणारी तिथि कोठेंही नाहीं. आपल्या लेखीं देव मेला, असें संतापून म्हणणारा अभंग बेडकाच्या अभंगानंतरचाही असूं शकेल.

दुसरें उत्तर महीपतीच्या वळणाचें. १७७४ च्या ‘भक्तलीलामृतां’त देव वेळेवर धांवतो, इंद्रायणींतल्या वह्या कोरड्या निघतात, आणि वाचक निर्धास्त होतो. महीपतीची प्रासादिक वाणी आम्हांस प्रिय आहे. तथापि या प्रसंगावर खुद्द तुकोबांचे उद्गार वाचून पाहावे. कागद पाण्यांत राखले गेले, हें ते मान्य करतात. पण त्यांत विजयाचा सूर नाहीं. तेरा दिवस डोळे मिटून बसलों, लोकांच्या बोलण्यासाठीं देवाला शिणविलें, हा मोठा अन्याय आपल्या हातून घडला, असें ते म्हणतात. रक्षण झालें याचीच त्यांना लाज वाटते! संकटांतून सोडविणें ही देवाची नोकरी आहे, असें मानणाऱ्याला ही लाज कधीं सुचणार नाहीं. बाप आजारी पडल्यावर रात्रभर आपल्यासाठीं जागला, हें कळलेल्या मुलाची ती लाज आहे.

एवढ्यावर थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. पण गाथेंत आणखी एक अभंग आहे. बाप, बायको, मूल, आई या एकेकाच्या मरणाबद्दल त्यांत जणूं सुटकेचा श्वास टाकला आहे, आणि आतां विठोबाचें व आपलेंच राज्य, असें म्हटलें आहे. याला वैराग्य म्हणून गौरविणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो वाचवत नाहीं. मूल मेलें तें बरें झालें, असें सुखानें म्हणणारा बाप आम्हीं पाहिलेला नाहीं; रडून रडून घसा कोरडा पडल्यावर असे शब्द निघतात, इतकेंच आम्हांस दिसतें. आणि त्या बायकोची बाजू तर गाथेंत कोठेंच नाहीं. भक्ताच्या निश्चिंततेचा हा हिशेब आमच्या मतें अपुराच राहतो.

तरीही बेडकाचा अभंग खोटा वाटत नाहीं, आणि त्याचें कारण त्यानें निवडलेल्या प्राण्यांत आहे. डोंगरावरील प्रवचनांत ख्रिस्तानेंही सांठा न करणारीं पांखरें दाखविलीं आहेत. पण त्यांच्या जोडीला तेथें रानांतलीं फुलें आहेत. तुकोबांच्या पांखरांच्या शेजारी अजगर आहे आणि कोंडलेला बेडूक आहे. दोन्ही कुरूप. अजगर महिनेमहिने उपाशी पडून राहतो. बेडकाला तर दार नाहीं, आकाश नाहीं, हलायला जागा नाहीं. (खडकांत बेडूक जगत नाहीं, असें प्राणिशास्त्र सांगेल, तो आक्षेप येथें गैरलागू आहे.) सुखवस्तु माणसानें देवाच्या कृपेला ही उपमा दिली नसती. चारीं बाजूंनीं दगड झालेले दिवस ज्यानें काढले, त्यालाच आंतल्या जिवाची आठवण झाली. आणि पाहा, दगड फुटेल, बेडूक बाहेर येईल, असें आश्वासन तो देत नाहीं. देव सोबती होऊन भार वाहत चालतो, असें सांगणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या प्रसिद्ध अभंगांतही वाट आहे, हातांत हात आहे. मुक्काम कोठें पडणार, याचा उल्लेख नाहीं.

आमची हरिदासांना एवढीच विनंति आहे कीं, हा अभंग लावण्यापूर्वीं त्यांनीं दुष्काळाची हकीकत सांगावी, त्या बाईच्या मरणासकट सांगावी, आणि मग टाळ उचलावे. माना डोलतात कीं नाहीं, तें त्यांनाच दिसेल.