आपत्कालीन अनुदाने आणि बाजार : राज्य आपत्ती निधीच्या रचनेची चिकित्सा (कापूरहोळ परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

केंद्र शासनाकडून राज्यांना आपत्तीप्रसंगी मिळणाऱ्या अनुदानाचे समर्थन सामान्यतः दोन अंगांनी केले जाते. पहिले अंग मानवतेचे आहे. दुसरे वित्तीय आहे : अनुदान मिळाल्याने राज्याची पत सावरते आणि त्याच्या कर्जरोख्यांवरील व्याजदर आटोक्यात राहतो, असे मानले जाते. हे दुसरे प्रतिपादन भारतीय परिस्थितीत कितपत टिकते, याची चिकित्सा येथे केली आहे.

रोखेबाजाराचा निकष

हा निकष मुख्यतः अमेरिकेच्या अनुभवावर बेतलेला आहे. मार्च २०२० मध्ये तेथील राज्यांच्या व नगरपालिकांच्या रोख्यांचा बाजार ढासळला. संघशासनाने १५० अब्ज डॉलरचा मदतनिधी मंजूर केला आणि मध्यवर्ती बँकेने ५०० अब्ज डॉलरपर्यंतची कर्जसुविधा जाहीर केली. तेथील राज्यांच्या रोख्यांमागे संघशासनाची हमी नसते. गुंतवणूकदार प्रत्येक राज्याची पत स्वतंत्रपणे जोखतो आणि म्हणून मदतीचा परिणाम दरांत उमटू शकतो.

भारतात राज्यांचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते. बँका, विमा कंपन्या व भविष्य निर्वाह निधी हे त्यांचे प्रमुख ग्राहक होत. कोणतेही राज्य बुडू दिले जाणार नाही, हे गृहीतक या व्यवहारामागे असल्याने राज्याराज्यांतील दरांचा फरक अल्प राहतो.

एप्रिल २०२० मधील घटनाक्रम या दृष्टीने बोलका आहे. ३ एप्रिल रोजी केंद्राने राज्यांना आपत्ती निधीपोटी ११,०९२ कोटी रुपये दिले. चारच दिवसांनी, ७ एप्रिलच्या लिलावात, केरळला १५ वर्षांच्या कर्जासाठी ८.९६ टक्के दर मोजावा लागला. याचे कारण उघड आहे. ती रक्कम नवी नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ साठी ठरवून दिलेल्या हिश्श्याचाच तो पहिला हप्ता होता. बाजाराला जे आधीच ज्ञात होते, त्याने बाजाराचे मत बदलण्याचे कारण नव्हते. राज्यांना आधार मिळाला तो प्रामुख्याने इतर उपायांचा : अर्थोपाय अग्रिमांच्या मर्यादेत ६० टक्के वाढ, कर्जमर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा आणि ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रथमच केलेली राज्य रोख्यांची खुल्या बाजारातील खरेदी.

स्थानिक बाजाराचा निकष

मग या अनुदानाचा बाजाराशी संबंधच नाही काय? संबंध आहे, परंतु तो मुंबईच्या रोखेबाजारापेक्षा तालुक्याच्या बाजारात शोधावा लागतो. पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळ येथून एक रस्ता भोरकडे व दुसरा नारायणपूर-सासवडकडे फुटतो. भोरच्या भातपट्ट्याचा महामार्गाशी व्यवहार या नाक्यावरून चालतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वरंधा घाटात दरडी कोसळून भोर-महाड मार्ग बंद पडला. अशा वेळी अनुदानाचा पहिला बाजारमूल्याचा उपयोग रस्ता मोकळा करण्याचा असतो. रस्ता बंद राहिला तर खतही वर चढत नाही आणि तांदूळही खाली उतरत नाही.

दुसरा उपयोग थेट शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेचा. २०२२-२६ या कालखंडासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के वा अधिक नुकसान झालेल्या जिरायती पिकास हेक्टरी ८,५०० रुपये, तर बागायतीस १७,००० रुपये ठरविण्यात आले. वीस गुंठे जिरायती भात गेलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला या हिशेबाने सुमारे १,७०० रुपये येतात. ही रक्कम पेरणीपूर्वी आली तर बियाणे होते; पेरणीनंतर आली तर दुकानदाराची उधारी फेडण्यात जाते. रक्कम तीच, पण तिचे आर्थिक कार्य वेगळे. निकषांत मात्र हेक्टर मोजले जातात, हंगाम मोजला जात नाही.

२०२५ चा अनुभव याच दिशेने निर्देश करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्याच महिन्यात केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा दुसरा हप्ता म्हणून १,५६६.४० कोटी रुपये आगाऊ मंजूर केले. राज्याच्या आकड्यात पीकविमा, रोजगार हमी व पायाभूत सुविधा यांचाही समावेश असल्याने दोन्ही आकड्यांची सरळ तुलना योग्य ठरणार नाही. तथापि रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची जी स्वतंत्र तरतूद राज्याने केली, ती बाजाराच्या दिनदर्शिकेशी जोडलेली होती, हे विशेष. तशी जोड केंद्रीय निकषांत नाही.

रचनेतील गुणदोष

पंधराव्या वित्त आयोगाच्या रचनेचे श्रेय नाकारता येत नाही. २०२१-२६ साठी राज्यांच्या स्तरावर १,६०,१५३ कोटी रुपयांचा निधी निश्चित झाला. त्यात केंद्राचा वाटा १,२२,६०१ कोटींचा. निधीची विभागणी प्रतिसाद ४०, पुनर्बांधणी ३०, पूर्वतयारी १० व सौम्यीकरण २० टक्के अशी करण्यात आली. आपत्तीनंतर दिल्लीकडे हात पसरण्याऐवजी रक्कम आधीच ठाऊक असणे, ही मोठी सुधारणा होय. परंतु वाटपाच्या सूत्रात पूर्वीच्या खर्चाला प्रधान स्थान राहिले. ज्या राज्याने पूर्वी अधिक खर्च केला, त्याला अधिक मिळते. महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा ठरला, त्यामागे हेही कारण आहे. दरड कोसळण्यापूर्वी उतार बांधून खर्च वाचविणाऱ्या राज्याला हे सूत्र काय देते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष

भारतात आपत्कालीन अनुदानाची बाजारसापेक्षता रोख्यांच्या दरांवरून ठरविणे दिशाभूल करणारे आहे. तेथे शांतता दिसते ती अनुदानामुळे नव्हे, तर रोख्यांमागील अव्यक्त हमीमुळे. अनुदानाची खरी कसोटी कापूरहोळसारख्या नाक्यावर लागते : रस्ता किती दिवसांत उघडला आणि रक्कम पेरणीच्या आधी पोहोचली की नंतर. निकषांत हंगामाची अट आणि वाटपाच्या सूत्रात सौम्यीकरणाचे श्रेय या दोन गोष्टी आल्या, तर खर्च होणारा तोच रुपया बाजारात अधिक काम करू शकेल.