पिंगुळीची चित्रकथी

कुडाळनजीकच्या पिंगुळी येथील परशुराम विश्राम गंगावणे यांस चित्रकार म्हणावे की गायक? ठाकर समाजाच्या चित्रकथीत हा प्रश्नच गैरलागू ठरतो. पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांसमोर उभे धरावयाचे आणि वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगावयाचा, असा हा प्रकार. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय सरल्यावर तिला मुख्यतः देवळांनी थारा दिला. गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात तिचे संग्रहालय उभारले. २०२१ साली त्यांस पद्मश्री लाभली.

सन्मान यथोचितच होय. तक्रार आहे ती ही चित्रे चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगणाऱ्या रसिकांविषयी. टपोऱ्या डोळ्यांच्या त्या आकृती जागीच थबकलेल्या असतात. धनुष्यातून सुटलेला बाण जाऊन लागतो तो कथेकऱ्याच्या स्वरात. गाण्यावाचून ती चित्रे मुकीच, मग रंग कितीही खुलोत! सुरतेत गोडादऱ्यास मराठी वस्ती आहे. तेथील एखाद्या देवळाने उत्सवास नुसती चित्रे न मागविता अख्खा संच बोलवावा, आणि बिदागी हुडूकवाल्यासही द्यावी.