पाण्याकाठचा मुक्काम आणि आपली पुस्तकं

‘लेकसाइड कॅम्पिंग’च्या रील्समध्ये एक गोष्ट कायम असते. सगळे पाण्याकडे पाठ करून बसलेले असतात. तंबू, दिव्यांच्या माळा, शेकोटी, स्पीकर, आणि मागं वॉलपेपरसारखं तळं. माझी तक्रार पर्यटनाबद्दल नाही, बघण्याबद्दल आहे. पाण्याकाठी रात्र काढावी कशी, हे मराठीत दोन लेखकांनी फार चांगलं शिकवलंय. ते आज कुठवर पुरतात, हे मला तपासून बघायचंय.

पहिले व्यंकटेश माडगूळकर. ‘नागझिरा’ हे त्यांचं छोटंसं पुस्तक. पूर्व विदर्भातलं जंगल, मधोमध तळं, आणि गरजा कमी करून तिथं मुक्कामाला गेलेला लेखक. पायी हिंडायचं, गप्प बसायचं, दिसेल ते टिपून ठेवायचं. वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी. जंगलात जाऊन आपण किती बदललो, याचं भाषण ते देत नाहीत. बॅगेत काय घ्यायचं याच्या दहा याद्या युट्यूबवर आहेत. काय घ्यायचं नाही हे कळायला हे पुस्तक वाचावं.

दुसरे मारुती चितमपल्ली. वनखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस २०२५च्या जूनमध्ये गेला. त्यांची खरी देणगी म्हणजे नावं. आदिवासींकडून, पारध्यांकडून, संस्कृत ग्रंथांतून त्यांनी पाखरांची आणि झाडांची नावं गोळा केली. पण त्यांच्या लेखनातली एक अडचण आता बोलायला हवी. प्रत्यक्ष पाहिलेलं आणि कुणाकडून ऐकलेलं ते एकाच आवाजात सांगतात. आमच्या कामात लॉग वेगळा आणि कॉमेंट वेगळी असते: काय घडलं ते लॉगमध्ये, कुणाला काय वाटलं ते कॉमेंटमध्ये. चितमपल्लींच्या पानावर ही रेघ पुसट होते. वाचताना मजा येते, पण त्यावर विसंबून पाखरू ओळखायला गेलात तर गोंधळाल.

तरीही त्यांचं नवेगावबांधवरचं लेखन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण त्या गावाच्या नावातच आहे. बांध. तो विस्तीर्ण तलाव निसर्गानं दिलेला नाही. कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी तो बांधला, शेतीसाठी. पुढं त्याच्याभोवती जंगल राहिलं, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येत राहिले, आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणकारांनी त्याची माहिती जपली. चितमपल्लींनी ती कागदावर आणली. आज आपण त्या तलावाला सरळ ‘निसर्ग’ म्हणतो.

आता आमच्याकडं या. जालन्यात वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे ड्रम, टँकर आणि ‘आज नळ येणार का’ हा प्रश्न. २०१२-१३चा दुष्काळ आमच्या पिढीला नीट आठवतो. आमच्या नळाचं पाणी येतं पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून. त्या धरणाचा डावा कालवाही आमच्याच जिल्ह्यातून परभणीकडं जातो. पेपरमध्ये नाथसागर म्हणजे एक आकडा असतो: आज किती टक्के. एकूण क्षमता १०२ टीएमसी, त्यातलं किती उरलं.

पण हाच आकडा १९८६पासून पक्षी अभयारण्यही आहे. पाणी पसरट आणि उथळ. ते ओसरलं की काठावर चिखल उघडा पडतो आणि पाणपक्ष्यांचं ताट वाढलं जातं. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब येतात. कपाळावर पांढरा टिळा असलेला एक काळा पाणपक्षी असतो, चांदवा. त्याला वारकरीही म्हणतात. एकनाथांच्या पैठणला हा वारकरी पाण्यावर दिसतो, यापेक्षा चांगली सुरुवात कुठल्या पुस्तकाला हवी?

ते पुस्तक मात्र माडगूळकरांच्या पद्धतीनं लिहून चालणार नाही. त्यांना हवं होतं माणसांपासून दूर असलेलं रान. नाथसागराच्या काठी तसं रान नाही. पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन आहे. तुम्ही मार्चमध्ये तंबू ठोकाल ती जागा ऑक्टोबरमध्ये पाण्याखाली असते, आणि नंतर तिथं कुणीतरी गाळपेर करतो. जाळं टाकून पहाटेची वाट बघणारे मच्छीमार तंबूशिवायच काठावर रात्र काढत आलेत. त्यांना ‘ऑफबीट’ म्हणायला कुणी येत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ राष्ट्रीय उद्यानात लोक होडीनं मुक्कामाला जातात. झोपायला पाण्यावर उभारलेले लाकडी माच असतात, ‘चिकी’. हे नाव तिथल्या सेमिनोल लोकांच्या घरांवरून आलंय. परवाना काढायचा, पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं, कचरा परत आणायचा. तिथलं उद्यान सुरू झालं १९४७मध्ये. त्याच वर्षी मार्जरी स्टोनमन डग्लस यांचं पुस्तक आलं आणि ज्याला लोक दलदल म्हणायचे ती वाहती गवताळ नदी आहे, हे देशाला कळलं.

आपल्याकडंही १९७२चा वन्यजीव कायदा अभयारण्यात जायला परवानगी मागतो आणि धोका होईल अशी आग पेटवू देत नाही. म्हणजे रील्समधली शेकोटी तिथं मुळातच बसत नाही. नियम आहेत. डग्लस यांच्यासारखं पुस्तक हवंय.

जायकवाडीचं उद्घाटन १९७६मध्ये झालं. म्हणजे नाथसागराला पन्नास वर्षं झाली. नवेगावच्या तलावाला लेखक मिळायला काही शतकं लागली. आपल्याला तेवढं थांबायची गरज नाही. माडगूळकरांकडून सामान कमी करायला शिकावं, चितमपल्लींकडून नावं घ्यावीत, आणि पाहिलेलं व ऐकलेलं वेगळं लिहावं. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्या दिवशीची टक्केवारी असावी, आणि दुसऱ्या पानावर त्या टक्क्यांवर उतरलेली पाखरं.