करुणा पाया खरा, पण तो किती वजन पेलतो?

निसर्ग का जपायचा, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. मुक्या जिवांची दया येते म्हणून. भूतदया हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज आपल्याला हे उत्तर तपासायचं आहे. ते टाकून द्यायचं नाही, ते किती वजन पेलतं ते बघायचं.

करुणा हाच नीतीचा पाया, हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात अगदी ठामपणे मांडलं शोपेनहाउअरनं. डेन्मार्कच्या रॉयल सोसायटीनं याच विषयावर निबंध मागवले होते. आला एकच, शोपेनहाउअरचा, आणि १८४० साली सोसायटीनं त्यालाही बक्षीस नाकारलं! कांटनं नीती बुद्धीवर उभी केली होती. त्यामुळे पशूंविषयी आपलं थेट कर्तव्य काहीच उरत नव्हतं. शोपेनहाउअरला हे मुळीच मान्य नव्हतं. दुसऱ्याचं दुःख बघताना 'मी' आणि 'तो' यांच्यामधली भिंत पडते, आणि त्यातूनच न्याय आणि परोपकार जन्मतात, असं तो म्हणतो. हा 'तो' माणूसच असला पाहिजे असं नाही, गायबैलही चालेल. उपनिषदांतलं ऐक्य त्याला इथे फार जवळचं वाटलं.

आता हे तत्त्व घेऊन आपण एखाद्या गोठ्यात जाऊ. गाय म्हातारी आहे, सांधे सुजलेत, उठता येत नाही. मालक डॉक्टरला बोलावतो आणि डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतो. औषध स्वस्त आहे, वेदना थांबते. यात वाईट कोण? कुणीच नाही. शोपेनहाउअरला हवी असलेली करुणा ती हीच. पुढे एक-दोन दिवसांत गाय मरते आणि तिला गावाबाहेर टाकलं जातं. गिधाडं उतरतात. औषधाचा अंश त्यांच्या पोटात जातो, मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक आम्ल शरीरात साठतं आणि पक्षी मरतो.

पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटलं. म्हणजे हजारांतलं एक उरलं. कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून उघड झालं. पुढच्या हिशोबातून असंही दिसलं, की शंभरातल्या एकापेक्षा कमी मेलेल्या जनावरांत घातक मात्रा असली, तरी एवढा ऱ्हास व्हायला ती पुरते. गिधाडं थव्यानं जेवतात, आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते. भरपाई होणार कशी?

आमची टीका इथून सुरू होते. करुणा कमी पडली म्हणून हे घडलं, असं म्हणता येणार नाही. करुणा होती, पण ती समोरच्या डोळ्यांत पाणी बघून जागी होणारी होती. गाय दिसली, गिधाड दिसलं नाही. आणि दिसलं असतं तरी? पंचवटीच्या कथेतल्या जटायूपुढे आपण हात जोडतो, पण घरावर गिधाड बसलं की अपशकुन म्हणतो. आपल्या करुणेला आवडनिवड असते, हे मान्य करू या.

शोपेनहाउअरच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. करुणा दर वेळी जागी होत नाही, म्हणून तत्त्वं ही पाण्याच्या साठ्यासारखी राखून ठेवावीत, हे त्यानंही लिहिलं आहे. ठीक. पण खरी अडचण वेगळीच आहे. 'तू माझ्यासारखाच आहेस' हा त्याच्या करुणेचा आधार. निसर्ग जपताना मात्र उलटा प्रश्न विचारावा लागतो: तू माझ्यापेक्षा वेगळा कसा आहेस? गायीचं शरीर जे औषध सोसतं, ते गिधाडाचं सोसत नाही. हा भेद कितीही कळवळा आला तरी आतून उमगत नाही. तो शोधावा लागतो, मोजावा लागतो.

मग करुणा सोडून नुसतं विज्ञान धरायचं का? तेही जमणार नाही. मेलेली गिधाडं उचलून ती कशानं मेली हे बघावंसं वाटायला आधी कुणाला तरी त्यांची पर्वा असावी लागते. पुढे काय झालं तेही बघा. २००६ साली भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण म्हणून गायीला वेदनेत सोडलं नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे हे तपासलं आणि ते पुढे आणलं. गुरांच्या शरीरात ॲसिक्लोफिनॅकचं डायक्लोफिनॅकच होतं. तेही जनावरांना द्यायला बंद झालं, पण त्याला २०२३ साल उजाडलं. मधल्या काळाची किंमत कुणी मोजली, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा निष्कर्ष असा. करुणा पाया आहे, पण पायावर कुणी राहत नाही, वर घर बांधावं लागतं. गायीला औषध देणाऱ्याची करुणा खरी आहे. तिनं फक्त एक प्रश्न आणखी विचारायचा: हे यानंतर कुणाच्या पोटात जाणार? हा प्रश्न शेतात फवारणी करताना लागू आहे, आणि उरलेल्या गोळ्या मोरीत ओतणाऱ्या आपल्यालाही लागू आहे. ज्याचं दुःख आपल्याला कधीच दिसणार नाही, त्याची आठवण ठेवून थांबायचं आणि विचारायचं. आमच्या मते निसर्गापुरती करुणा म्हणजे ही विचारण्याची सवय.

आता प्रश्न घेऊ या.