खिडकीच्या काठावरचा मजकूर : संगणकीय स्क्रीनशॉटमधील अनाहूत पार्श्वभूमीची समीक्षा

प्रास्ताविक :

संगणकविषयक पाठ्यपुस्तके, कार्यशाळांच्या पुस्तिका, शोधप्रबंध आणि महाविद्यालयीन परिपत्रके यांत संगणकाच्या पडद्यावरील खिडकीचे चित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट, आता सर्रास आढळते. छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव असते, तक्त्याखाली आधार दिलेला असतो; स्क्रीनशॉटकडे मात्र कोणी घडवलेली वस्तू म्हणून पाहत नाही. पडद्यावर जे होते तेच कागदावर उतरले, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय. त्यासाठी खिडकीच्या कोपऱ्यांतून आणि कडांतून चित्रात नकळत शिरणाऱ्या पार्श्वभूमीचा येथे विचार केला आहे. ही पार्श्वभूमी केवळ निष्काळजीपणातून येत नाही, ती माध्यमाच्या घडणीतूनही येते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

चित्राची घडण :

विंडोज प्रणालीत 'आल्ट' आणि 'प्रिंट स्क्रीन' या कळा एकत्र दाबल्या असता चालू खिडकीचे चित्र घेतले जाते. आपण त्यास 'खिडकीचे चित्र' म्हणतो. वस्तुतः तो पडद्याचा एक आयताकृती तुकडा असतो. खिडकी काटकोनी होती तोपर्यंत हा भेद जाणवत नव्हता. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने खिडकीचे वरचे कोपरे गोल केले. चित्र मात्र आयतच राहिले. गोलाई आणि काटकोन यांच्यामधील चिमुकल्या जागेत मागे असेल ते, मग ते भित्तिचित्र असो वा दुसऱ्या खिडकीची कड, चित्रात येऊ लागले.

जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने याही पुढचे पाऊल टाकले. तिच्या 'एअरो' रूपात खिडकीची चौकट काचेसारखी अर्धपारदर्शक झाली आणि मागचा मजकूर शीर्षकपट्टीतच धूसरपणे दिसू लागला. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ही काच कायम राहिली, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ती गेली, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये गोल कोपरे परत आले. याउलट अ‍ॅपलच्या मॅक प्रणालीत एकट्या खिडकीचे चित्र घेण्याची जी सोय आहे, तीत खिडकी स्वतंत्र थर म्हणून उचलली जाते. कोपऱ्यांबाहेरची जागा पारदर्शक राहते आणि खिडकीची सावली तेवढी सोबत येते. तात्पर्य, कोपऱ्यांतील पार्श्वभूमी अटळ नाही. कोणीतरी घेतलेल्या रचनाविषयक निर्णयाचा तो परिणाम आहे.

छायाचित्राशी तुलना :

डोळ्यांना न दिसणारे कॅमेरा टिपतो, हा विचार वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मधील छायाचित्रणाविषयीच्या निबंधात मांडला. रोलाँ बार्थ यांनी १९८० मधील आपल्या ग्रंथात, छायाचित्रकाराने हेतुतः न योजलेला एखादा तपशील पाहणाऱ्यास कसा बोचतो, याचे विवेचन केले. स्क्रीनशॉटमधील पार्श्वभूमीही अशीच अनाहूत असते. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. छायाचित्रातील अनाहूत तपशील सामान्यतः बाहेरच्या जगाचा असतो. स्क्रीनशॉटमधील तपशील चित्र घेणाऱ्याच्या स्वतःच्या कामाच्या मेजावरचा असतो. अर्धवट लिहिलेले पत्र, उघडी राहिलेली गुणपत्रिका, धारिकांची नावे यांतून त्याचा दिनक्रम उघड होतो. उदाहरण म्हणून दिलेले चित्र अशा रीतीने लेखकाच्या आत्मचरित्राचा एक तुकडा होऊन बसते.

कापणे आणि पुसणे :

'कडा कापून टाकल्या की प्रश्न मिटला', असा एक आक्षेप येथे संभवतो. तो पूर्णपणे मान्य करता येत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेला 'अ‍ॅक्रोपालिप्स' हा दोष या दृष्टीने बोलका आहे. गुगलच्या पिक्सेल फोनमधील चित्रसंपादन साधन कापलेले चित्र मूळ धारिकेवरच लिहीत असे. परंतु नवे चित्र लहान असल्याने जुन्या धारिकेचा उरलेला भाग शेवटी तसाच राहत असे, आणि त्यातून कापलेल्या चित्राचा अंश परत मिळवता येत असे. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही असाच दोष आढळला. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती झाली. तथापि दुरुस्तीपूर्वी इतरांना पाठवली गेलेली चित्रे त्यामुळे आपोआप सुधारली नाहीत. ओल्या बोटाने पुसलेल्या पाटीवर जुनी अक्षरे उमटून राहावीत, तसाच हा प्रकार होय. मजकूर धूसर करणे हाही पूर्ण उपाय नव्हे; मोठी अक्षरे, रंग आणि तक्त्याचा आकार धूसरपणातूनही ओळखू येतात.

पार्श्वभूमी कोणाची ?

येथे दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. खिडकीच्या कडांवरून ते चित्र कोणत्या प्रणालीचे व साधारणपणे कोणत्या काळातील आहे, हे सांगता येते. उद्याच्या अभ्यासकास हे तपशील मोलाचे ठरतील. सर्व कडा स्वच्छ केल्या तर ही साक्ष नाहीशी होईल. मग निवड कशी करावी ? प्रस्तुत लेखकाच्या मते, पार्श्वभूमी किती दिसते यापेक्षा ती कोणाची आहे, हा निकष अधिक उपयुक्त आहे. लेखकाचे भित्तिचित्र दिसले तर तो त्याचा स्वतःचा प्रश्न आहे. हजेरीपत्रकाच्या खिडकीमागे विद्यार्थिनीचे नाव, तिचे गुण वा दूरध्वनी क्रमांक दिसला, तर तेथे तिची संमती नसते आणि बहुधा तिला त्याचा पत्ताही लागत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणास मूलभूत अधिकार मानले आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. परंतु कायद्याच्या आधीही शिक्षकाचा विद्यार्थ्यांशी विश्वासाचा करार असतोच.

निष्कर्ष :

स्क्रीनशॉट हा निरपेक्ष पुरावा नसून रचलेला पाठ आहे. म्हणून मजकुराइतकेच त्याच्या काठांचेही वाचन व्हावयास हवे. चित्र घेण्यापूर्वी मागील खिडक्या बंद करणे, शक्य तेथे कोरी पार्श्वभूमी ठेवणे आणि खरी नोंद वापरण्याऐवजी काल्पनिक नोंदी भरणे, हे उपाय नंतरच्या काटछाटीपेक्षा अधिक विश्वसनीय आहेत. शोधप्रबंधांचे परीक्षण करताना आपण अवतरणचिन्हे व तळटीपा बारकाईने तपासतो. चित्राच्या चार कोपऱ्यांकडे तितक्याच बारकाईने पाहण्यास मिनिटभरही लागत नाही. त्या मिनिटात ज्या विद्यार्थ्याचे नाव झाकले जाईल, त्याला ते कदाचित कधीच कळणार नाही. तरीही ते आपले काम आहे.