मूलद्रव्य आणि रेणू : एका रूढ व्याख्येची चिकित्सा

मराठीतील रसायनशास्त्रीय परिभाषेविषयीचा वाद बहुधा शब्द संस्कृतातून घ्यावेत की इंग्रजीतून, एवढ्यापुरताच होतो. संज्ञांचा परस्परसंबंध क्वचितच तपासला जातो. ‘अणू हा मूलद्रव्याचा लहानात लहान कण, रेणू हा संयुगाचा’ ही विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेली व्याख्या या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिच्यामुळे मूलद्रव्य आणि रेणू या परस्परविरोधी कोटी आहेत असा समज दृढ होतो. हा समज टिकत नाही.

नाशिक परिसरातील द्राक्षबागांतच त्याचा पडताळा मिळतो. भुरी रोगावर बागाईतदार गंधक वापरतो. केवड्यावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतो. गंधक हे मूलद्रव्य आहे, तरी नेहमीच्या तापमानास त्याचा रेणू असतो व त्यात ८ अणू असतात. मोरचूद हे संयुग आहे. पण त्याच्या स्फटिकात मोरचुदाचा असा सुटा रेणू नसतो. तांब्याचे व सल्फेटचे आयन पाण्याच्या रेणूंसह एका सलग रचनेत बसलेले असतात. म्हणजे येथे मूलद्रव्यास रेणू आहे आणि संयुगास नाही. व्याख्या नेमकी उलटी पडते.

कारण उघड आहे. मूलद्रव्य व संयुग ही पदार्थाच्या प्रकारांची नावे होत. अणू व रेणू ही कणांची. ‘स्वर’ आणि ‘अक्षर’ यांना परस्परविरोधी मानावे, तसाच हा प्रकार आहे. ‘आ’ या अक्षरात एकटा स्वरच असतो, हे व्याकरणाचा कोणताही विद्यार्थी सांगेल.

हा गोंधळ केवळ आपला नव्हे. एकाच मूलद्रव्याचे अणू परस्परांशी जोडले जातात, हे डाल्टन यांनाही मान्य नव्हते. आव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये तसे सुचविले. तरी १८६० च्या कार्ल्सरूए येथील परिषदेनंतरच त्यास व्यापक मान्यता मिळू लागली. उलट वैशेषिकांच्या मते पृथ्वीचे दोन परमाणू मिळून पृथ्वीचेच द्व्यणुक होते. त्यांचे परमाणू आजच्या रसायनशास्त्रातील अणू नव्हेत, हे खरे. परंतु संयुक्त कण एकजात द्रव्याचाही असू शकतो, ही कल्पना आपल्या परंपरेस परकी नव्हती.

दुसरी अडचण शेजारच्या भाषेची आहे. मराठीतील अणू म्हणजे हिंदीतील परमाणु, आणि हिंदीतील अणु म्हणजे मराठीतील रेणू. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हिंदी नावात म्हणूनच ‘परमाणु’ येतो. दोन्ही व्यवस्था आपापल्या ठिकाणी सुसंगत आहेत. एकरूपतेसाठी मराठीने रुळलेले शब्द टाकावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र हिंदी ग्रंथ वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास हा भेद आरंभीच सांगितला पाहिजे; अन्यथा ओळखीचा शब्दच त्यास फसवील.

तात्पर्य, दोष शब्दांचा नसून व्याख्येचा आहे. अणू म्हणजे मूलद्रव्याची ओळख राखणारा लहानात लहान कण. आणि रेणू म्हणजे रासायनिक बंधांनी जोडलेल्या अणूंचा स्वतंत्र गट, मग ते अणू एकजात असोत वा भिन्नजात. एवढा शेवटचा खंड जरी पाठ्यपुस्तकांनी नेमाने छापला, तरी गंधकाचा रेणू विद्यार्थ्यास विसंगत वाटणार नाही.