‘जेंटू’ : एका तुच्छतावाचक शब्दाचे कुळ

शब्दाची व्युत्पत्ती सांगितली की त्याचा अर्थ सांगून झाला, असा समज आपल्या अध्यापनात बराच रूढ आहे. तुच्छतावाचक शब्दांच्या बाबतीत तो कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी ‘जेंटू’ हा इंग्रजी शब्द आम्ही विचारार्थ घेत आहोत. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज लेखक तो हिंदूंस उद्देशून योजीत. नॅथॅनिएल हालहेड याने हिंदू धर्मशास्त्राचा जो इंग्रजी अनुवाद १७७६ साली प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच हा शब्द आहे.

इंग्रजांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज ‘जेंतिओ’ म्हणजे मूर्तिपूजक, पाखंडी. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘जेन्स’, म्हणजे कुळ. आणि ‘जेंतिलिस’ म्हणजे त्या कुळातला, सगोत्र. लॅटिन बायबलात यहुद्यांहून इतर जनांस याच शब्दाने संबोधिले गेले आणि पुढे ‘आपल्यातला’ या अर्थाच्या जागी ‘परका’ हा अर्थ येऊन बसला. दुसरीकडे, फ्रेंच भाषेच्या वाटेने ‘कुलीन’ या अर्थाने ‘जेंटल’ आणि त्यावरून ‘जेंटलमन’ हे शब्द सिद्ध झाले. साहेब ज्या शब्दाने स्वतःस गौरवी आणि ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांस हिणवी, ते दोन्ही सगोत्रच होत!

यावरून एवढे स्पष्ट होते की तुच्छता धातूत नसते. बोलणारा आपल्याभोवती जी सीमा आखतो, तिच्यात असते. ‘ग्राम’ शब्दात दोष कोणता? तरीही नागरांच्या काव्यशास्त्राने ‘ग्राम्यत्व’ हा काव्यदोष मानलाच.

गोव्यात या शब्दाला आणखी एक गती मिळाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली व पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादीं’त आले. पुढे हिंदूंच्या रूढींना मान्यता देणारी १६ डिसेंबर १८८० ची आज्ञप्ती निघाली. तिच्यातही हिंदूंचा उल्लेख ‘जेंतिओ’ असाच आहे. हक्क दिला, पण हिणवणाऱ्या नावानेच दिला. शिवीतली तुच्छता निदान तापलेली असते; दप्तरातली थंड असते, म्हणून ती अधिक टिकते.

परंतु याच डिचोली महालात शिरगाव आहे. तेथील लईराईच्या वैशाखी जत्रेत व्रतस्थ धोंड अग्निदिव्य करितात. लोककथेप्रमाणे लईराई ही सात बहिणींपैकी एक, आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण ही तिचीच बहीण. दोन्ही स्थानांमध्ये तेल व फुले यांची देवघेव होण्याची परंपराही सांगितली जाते. दप्तराने ज्यांना ‘जेंतिओ’ आणि ‘ख्रिस्ती’ असे विभागले, त्यांच्या दैवतांना लोकांनी एकाच कुळात घेतले. ‘जेन्स’चा हरवलेला मूळ अर्थ कोशकारांनी नव्हे, तर ‘बहीण’ या साध्या शब्दाने परत मिळविला, असे आम्हांस वाटते.

अध्यापकांना व अनुवादकांना आमचे सांगणे इतकेच : ‘जेंटू’च्या जागी नुसते ‘हिंदू’ लिहू नये. तसे केल्याने वाक्य सभ्य होते, पण बोलणारा कोठे उभा होता ते लपते. शब्द तसाच ठेवावा, आणि त्याचे कुळ व त्याची करणी ही दोन्ही विद्यार्थ्यांस सांगावीत.